टेलिकन्व्हर्टर आणि उजेडाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनसावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर मी तीस वर्षे गेटसभांतून बोलत आलो आहे, आणि ऐकणाऱ्यांना ते आता पाठ झाले आहे. म्हणून आज मी एक वेगळीच वस्तू बरोबर आणली आहे. हे धातूचे कडे पहा. मुठीत मावते, आत काचेची काही भिंगे आहेत. याला टेलिकन्व्हर्टर म्हणतात. कॅमेरा आणि त्याचे लांब भिंग यांच्यामध्ये हे बसविले, की दूरचा पक्षी मोठा दिसतो. परंतु हे बसविताच पुष्कळदा कॅमेऱ्याचा ऑटोफोकस, म्हणजे चित्राची स्पष्टता आपोआप साधणारी यंत्रणा, काम करीनाशी होते. ती तशी का वागते, आणि आपण काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कामगारनगरीत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु निगडी, भोसरी, चाकण येथल्या कामगारांच्या घरी आज किती कॅमेरे आहेत ते पाहा. पहिली पाळी सुटली की पवनेच्या काठी, साप्ताहिक सुटीला भामा-आसखेडला आणि हिवाळ्यात भिगवणला आमची मंडळी जातात. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्याचे उथळ पाणी भिगवणपाशी पसरले आहे. तेथे थंडीत रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. कुंभारगावचे मच्छीमार आपल्या होडीतून पाहुण्यांना पक्ष्यांजवळ नेतात. हा छंद आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूंचा तो छंद आहे, म्हणूनच वस्तू चालेनाशी झाली की दुःख अधिक होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत चाकणच्या एका कारखान्यातला प्रेस शॉपमधला सभासद आला. त्याच्याजवळ जुना घेतलेला आरशाचा कॅमेरा आणि १५० ते ६०० मिलिमीटरचे भिंग होते. दिवाळीच्या बोनसातून त्याने १.४ पटीचा कन्व्हर्टर घेतला आणि भिगवण गाठले. समोर रोहितांचा थवा उभा, आणि बटण दाबले तरी भिंग जागचे हलेना. दुकानदाराने आपल्याला फसविले, तुम्ही माझ्याबरोबर भांडायला चला, असे त्याचे म्हणणे होते.

मी म्हटले, भांडण नंतर, आधी चौकशी. फिटर काय करतो? बिघाड कोठे आहे हे कळेना, तर भाग अदलाबदल करून पाहतो. आम्ही त्याचा कन्व्हर्टर दुसऱ्या एका सोबत्याच्या ३०० मिलिमीटर, एफ/४ च्या भिंगाला लावून त्याच कॅमेऱ्यावर चढविला. ऑटोफोकस चालला, थोडा सावकाश, पण चालला. म्हणजे कन्व्हर्टर खराब नव्हता, कॅमेराही खराब नव्हता. दोष त्यांच्या जोडणीत होता, आणि तो दोष साध्या भागाकाराने सापडतो.

एफ पुढचा आकडा म्हणजे काय? भिंगाच्या केंद्रांतराला त्याच्या उघड्या तोंडाच्या व्यासाने भागले की तो आकडा मिळतो. ३०० मिलिमीटरचे भिंग, तोंड ७५ मिलिमीटर, भागाकार ४. आता मागे १.४ पटीचा कन्व्हर्टर लावा. केंद्रांतर ४२० झाले, तोंड मात्र ७५ च राहिले. भागाकार ५.६. दोन पटीचा लावला तर ६०० भागिले ७५, म्हणजे ८. तोंडातून येणारा उजेड तेवढाच. तो आता मोठ्या चित्रावर पसरावा लागतो. १.४ पटीला उजेड निम्मा होतो, दोन पटीला चौथाई उरतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आमच्या सभासदाच्या भिंगाचा ६०० मिलिमीटरवरचा आकडा ६.३ होता. त्याला १.४ ने गुणा. ८.८ आले. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात लिहिले होते की, ऑटोफोकस एफ/८ पर्यंतच चालेल, आणि तोही फक्त मधल्या बिंदूवर. कन्व्हर्टरच्या पितळी टोकांतून कॅमेऱ्याला ८.८ हा निरोप मिळाला, आणि त्याने काम नाकारले.

आता कोणी म्हणेल, थोडा उजेड कमी झाला म्हणून एवढे काय? येथे केवळ उजेडाच्या मापाचा प्रश्न नाही. उजेड कोठून येतो, हाही प्रश्न आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात मोठ्या आरशाच्या पाठीमागे एक लहान आरसा असतो. तो थोडा उजेड खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसविलेल्या मापकाकडे वळवितो. हा मापक भिंगाच्या एका कडेने आलेले चित्र आणि समोरच्या कडेने आलेले चित्र अशी दोन चित्रे ताडून पाहतो. दोन्ही जुळली तर फोकस बरोबर. जुळली नाहीत तर भिंग कोणत्या बाजूला आणि किती फिरवावयाचे, हे त्यांच्यातल्या अंतरावरून कळते. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात, तसाच हा प्रकार आहे. दोन डोळे जितके लांब, तितका अंदाज पक्का. म्हणून मापकाची दोन टोके शक्य तितकी लांब ठेवलेली असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत एफ/५.६ चे तोंड गृहीत धरून.

कारखान्याचे रुंद फाटक डोळ्यांपुढे आणा. आत दोन पहारेकरी फाटकाच्या दोन टोकांशी उभे राहून रस्त्यावर नजर ठेवतात. कोणी एके रात्री फाटक दोन्ही बाजूंनी बुजवून अरुंद केले. पहारेकरी आपल्याच जागी आहेत, डोळे उघडे आहेत, पण त्यांच्यासमोर भिंत आली. आठ-नऊ आकड्याच्या भिंगापुढे मापकाची गत अशीच होते. फोटो काढताना आपण छिद्र बारीक करतो त्याचा येथे संबंध नाही. फोकस साधतेवेळी कॅमेरा भिंग पूर्ण उघडे ठेवतो. प्रश्न आहे तो भिंगाच्या जास्तीत जास्त उघडण्याचा.

काही कॅमेऱ्यांत निर्मात्यांनी जवळजवळ उभे असलेले थोडे पहारेकरीही ठेवले. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क २ मध्ये ६५ बिंदूंपैकी एफ/८ ला एकटा मधला चालतो. २०१६ च्या निकॉन डी५०० मध्ये १५३ पैकी १५ चालतात. म्हणून कन्व्हर्टर घेण्याआधी दोन आकडे पाहावेत: आपल्या भिंगाचा गुणाकार, आणि आपल्या कॅमेऱ्याची मर्यादा. दुकानदाराने आमच्या माणसाला भिंग कोणते, हे विचारले नाही. आणि यानेही सांगितले नाही. फसवणूक झाली नव्हती, चौकशी झाली नव्हती.

मर्यादेच्या आत राहूनही तीन अडचणी येतात. पहिली मंदपणाची. कॅनन कंपनीनेच सांगितले आहे की, १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की कॅमेरा भिंग फिरविण्याचा वेग मुद्दाम निम्मा करतो, दोन पटीला चौथाई. घाई केली तर अचूकता जाईल, म्हणून ही सावधगिरी. दुसरी चुकीच्या वाढीची. भिंगाचा फोकस मुळात केसभर पुढे पडत असेल, तर ती चूक कन्व्हर्टरमागे पटीच्या वर्गाने वाढते: १.४ ला दुप्पट, दोनला चौपट. पुष्कळ कॅमेऱ्यांत ही चूक दुरुस्त करण्याची सोय असते. ती भिंग आणि कन्व्हर्टर एकत्र लावून तपासावी, सुट्या भिंगाची जुनी दुरुस्ती कामाची नाही. तिसरी हवेची. उन्हे चढली की उजनीच्या पाण्यावर हवा थरथरते, आणि ७०० मीटरवरचा हंस कोणत्याही यंत्राला स्पष्ट दिसत नाही. त्या वेळी भिंगाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता चिकटपट्टीची गोष्ट सांगतो. आमच्या सभासदाला पाळीवरच्या एका पोराने युक्ती सांगितली होती, आणि ही युक्ती जगभरच्या छायाचित्रकारांना ठाऊक आहे. काही कन्व्हर्टरांच्या ठरावीक टोकांवर बारीक चिकटपट्टी लावली, की कन्व्हर्टर बसविला असल्याचा निरोपच कॅमेऱ्याला पोहोचत नाही. तो आपला मूळ आकडा समजून काम करू लागतो. याने पट्टी लावून पाहिली. सकाळी भिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत घरघरत राहिले. ऊन चढल्यावर मधूनमधून थांबले, कॅमेऱ्याने जुळल्याची खूणही दिली. घरी येऊन पाहतो तो दहा फोटोंतले आठ मऊ. नकार होता तोवर निदान खरे काय ते कळत होते. आता कॅमेरा होय म्हणू लागला, आणि त्या होय वर विश्वास ठेवता येईना.

मी त्याला म्हटले, हवे तर ठेव पट्टी. येथे बिघडले तर एक फोटो बिघडेल. त्याने उत्तर दिले नाही. तो आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिला. त्या हाताचे मधले बोट दुसऱ्या पेरापासून नाही. पाच वर्षांपूर्वी, आधीच्या एका लहान कारखान्यात, प्रेसपुढची लाइट कर्टन वारंवार मशीन थांबविते आणि नग कमी पडतात, म्हणून कोणीतरी तिला बगल देऊन ठेवली होती. लाइट कर्टन म्हणजे उजेडाचा पडदा. हात मध्ये आला, उजेड अडला, की प्रेस थांबावी, यासाठी तो असतो. त्या दिवशी हात मध्ये आला आणि प्रेस थांबली नाही. ती केस मीच लढविली होती. त्याने पट्टी नखाने काढली आणि टोके पुसून ठेवली.

मित्रहो, कॅमेरा आणि प्रेस यांना मी एका मापात घालीत नाही. फोटो गेला तर दुसरा काढता येतो, बोट पुन्हा येत नाही. परंतु आपल्या या पट्ट्यात यंत्राच्या नकाराला आळस समजण्याची सवय फार झाली आहे. यंत्र थांबले, की ते का थांबले हे विचारण्याआधी त्याला चालू कसे ठेवावे याची युक्ती शोधली जाते. कधी कधी नकार वाजवीपेक्षा कडक असतो, हे मला मान्य आहे. भर उन्हात मर्यादेपलीकडेही फोकस जुळतो. तेव्हा मर्यादा जरूर तपासावी. पण ती लपवून काम काढू नये.

मग इलाज काय? आरशाचा कॅमेरा असेल, तर मधला बिंदू वापरावा. भिंगावर अंतराची मर्यादा घालणारी कळ असेल तर ती दूरवर ठेवावी, म्हणजे भिंग जवळच्या टोकापर्यंत धावत नाही. आधी हाताने कडे फिरवून अंदाजे स्पष्टता आणावी आणि उरलेले काम यंत्राला द्यावे. पक्षी स्थिर असेल तर मागच्या पडद्यावर पाहून फोकस साधावा. तेथे मुख्य सेन्सर स्वतः चित्र तपासतो, दोन पहारेकऱ्यांची गरज नसते, फक्त वेळ लागतो. सूर्य पाठीशी आणि सकाळचा घ्यावा.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत मापनाची सोय मुख्य सेन्सरवरच असते, त्यामुळे ही मर्यादा पुष्कळ मागे हटली आहे. २०२० साली कॅननने ६०० आणि ८०० मिलिमीटरची दोन भिंगे काढली, त्यांचे तोंड कायमचे एफ/११. त्याच वर्षीचे त्यांचे आर५ आणि आर६ हे कॅमेरे दोन पटीचा कन्व्हर्टर लावून एफ/२२ लाही फोकस साधतात. यंत्रशास्त्राची ही मोठी प्रगती आहे. पण उजेड तेथेही चौथाईच उरतो, आणि मावळतीला त्याची किंमत मोजावीच लागते. हिशेब बदलला नाही. फक्त सोसण्याची ताकद वाढली.

आमच्या सभासदाने नवा कॅमेरा घेतला नाही. मुलीच्या फीचे दिवस होते. कन्व्हर्टर त्याने ३०० मिलिमीटरवाल्या सोबत्याला दिला, ज्या किमतीला घेतला त्यापेक्षा थोड्या कमी किमतीत. फेब्रुवारीत तो पुन्हा कुंभारगावला गेला. नुसते भिंग घेऊन होडीत बसला, आणि होडीवाल्याला म्हणाला, घाई नाही, तुम्ही न्याल तसे. होडीवाल्याने वल्हे उचलून होडी वाऱ्यावर सोडली. अर्ध्या तासाने ती रोहितांच्या इतकी जवळ गेली की, ६०० मिलिमीटरची गरज उरली नाही. तो फोटो आमच्या कचेरीत लावला आहे. पक्ष्याचा डोळा त्यात स्वच्छ दिसतो. निगडी-चाकणकडून कोणी आलात तर जरूर पाहून जा.