काम, कष्ट आणि श्रमदान
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मराठीत घाम गाळण्याला पुष्कळ शब्द आहेत. परंतु एकाच्या जागी दुसरा बसत नाही. ‘काम’ हा संस्कृत ‘कर्मा’चाच वंशज. ‘कष्ट’ म्हटले की त्यात दुःख आले. ‘मेहनत’ अरबी-फारसीतून आली; तिच्यात फळाची आशा असते. म्हणून पहिलवान मेहनत करतो आणि आई कष्ट करून मुले वाढवते. ‘राबणे’ या शब्दाला तर विसावाच ठाऊक नाही.

शेतकऱ्यांत इर्जिक असते. शेजाऱ्यांनी औते आणून एकाचे शेत उरकावे, त्याने सर्वांना जेवू घालावे. तेथे मजुरी नाही, पण सक्तीही नाही. वेठ याच्या उलट. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेली ही वेठ म्हणजे जबरीने, फुकट करवून घेतलेले काम.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील माणसांनी खडी फोडली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. पाथर्डीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना मिळाले, यातच त्यांचे कष्ट कळतात.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी स्वतःचे पैसे घालून यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार आरंभिला. गावाने श्रमदान केले. मंदिरासाठी एकत्र आलेले तेच हात पुढे बांध-बंधाऱ्यांना लागले.

मात्र श्रमदान आणि वेठ यांत अंतर थोडेच आहे. ते केवळ राजीखुशीचे. पोट रोजंदारीवर असणाऱ्याचा एक दिवस म्हणजे घरची चूल. त्याला दंडाच्या किंवा नावे ठेवण्याच्या धाकाने बोलाविले, तर दान संपले व वेठ सुरू झाली. जो येऊ शकला नाही, त्याला बोल लावू नये. जो मजुरी बुडवून आला, त्याने श्रीमंताच्या हजारांहून मोठे दान दिले.

देणगीची पावती फाडता येते, घामाची नाही. म्हणून देणगीदारांच्या यादीशेजारी पाट्या वाहणाऱ्या माता-भगिनींची व दगड घडविणाऱ्या कारागिरांची नावेही त्याच अक्षरांत कोरली जावीत, हीच नम्र विनंती.