सूर्यफुलाची दाटी आणि युरियाची गोणी

पेरणीच्या दिवसांत बचत गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण विचारलं, की बहुतेकींचं उत्तर एकच असतं: बियाणं आणि खत. आज सूर्यफुलाच्या या दोन खर्चांबद्दल बोलू.

आधी अंतर. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत एक फूट ठेवायचं. जमीन मध्यम असेल तर ओळींत दीड फूट चालतं. भारी जमिनीत एकरी साधारण 22 हजार झाडं बसतात. टोकताना आपण एका जागी दोन बिया टाकतो. मग दहा-पंधरा दिवसांनी विरळणी करून एकच जोमदार रोप ठेवायला हवं. उगवलेलं उपटताना आपला हात थांबतो. पण दाटीत झाडं उजेडासाठी नुसती उंच होतात, खोड बारीक राहतं, फूल लहान येतं. फार विरळ ठेवलं तर फूल मोठं दिसतं, पण एकरी झाडं कमी पडतात आणि निंदणी वाढते. दहा फूट ओळीत दहा रोपं, एवढं मोजा.

आता नत्र. बागायती सूर्यफुलाला हेक्टरी 60 किलो नत्र, 30 किलो स्फुरद, 30 किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी 24 किलो नत्र. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणून एकरी साधारण 52 किलो युरिया लागतो. निम्मा पेरताना, निम्मा महिन्याने, निंदणी झाल्यावर आणि जमिनीत ओल असताना. डीएपी दिलं असेल तर त्यातही 18 टक्के नत्र असतं. 25 किलो डीएपीमागे दहा किलो युरिया कमी करा.

जादा युरियाने पीक हिरवंगार दिसतं, घरचे खूश होतात. पण झाड मऊ पडतं, वाऱ्यात लोळतं, दाण्यातलं तेलाचं प्रमाण घटतं. विरळणी चुकवली, तर ती कसर युरियाने भरून निघत नाही.

विरळणी आपणच करतो, खत किती आणायचं ते मात्र बहुतेक घरांत दुसरंच कुणी ठरवतं. कर्जाचा हप्ता तर आपल्याच नावावर असतो. तेव्हा माती तपासून घ्या, धुळ्याच्या किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि गोणी घरात येण्याआधी हा हिशेब घरात मांडा.