वही कोणाची?

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या समाजातील अनेक मुले-मुली वाणिज्य शाखेकडे वळत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पहिल्या काही महिन्यांतच कित्येकांस हिशेबशास्त्र नकोसे होते आणि दोष मात्र स्वतःच्या बुद्धीस दिला जातो. वास्तविक आरंभीच्या पाठांत बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित फारसे नसते. अडखळवितात ते शब्द.

‘जमा’ म्हणजे लाभ व ‘नावे’ म्हणजे हानी, अशी आपली नित्याची समजूत. आपण बँकेत ५०० रुपये भरले की पासबुकात ते जमा दिसतात. तीच नोंद आपल्या वहीत करताना मात्र पाठ्यपुस्तक सांगते, ‘बँकेचे खाते नावे टाका.’ मूल येथेच गोंधळते. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते. बँक आपले देणे लागते, म्हणून तिच्या वहीत आपण जमा. आपले येणे बँकेकडे, म्हणून आपल्या वहीत बँक नावे. देणाऱ्याचे खाते जमा, घेणाऱ्याचे नावे. यास्तव शब्द कानी पडताच प्रथम विचारावे, वही कोणाची?

दुसरा घोटाळा बाजूंचा. देशी रोजकीर्दीत डावी बाजू जमेची, तर पाश्चात्त्य पद्धतीच्या रोकड पुस्तकात तीच बाजू नावेची. आलेला पैसा दोहोंतही डावीकडेच लिहितात. मात्र देशी कीर्द पैसे देणाऱ्यास जमा धरते, तर पाश्चात्त्य पुस्तक आलेली रोकड नावे टाकते. प्रत्येक व्यवहारास दोन अंगे असतात, हे तत्त्व लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात विशद केले. वरील दोन्ही रीतींत त्यातील एकेक अंग आपल्यापुढे येते, इतकेच.

आता आपल्या मंडळाचा ताळेबंद पाहा. शिष्यवृत्ती निधी देण्यांच्या बाजूस छापलेला असतो. ‘आपण दिलेल्या देणग्यांचे कर्ज कसे झाले?’ अशी कुजबुज साहजिक आहे. ते कर्ज नव्हे. त्या निधीबद्दल मंडळ समाजास उत्तरदायी आहे, हे ती बाजू सांगते. प्रत्यक्ष पैसा समोरच्या बाजूस, बँकेतील ठेवींत, दाखविलेला असतो. व्यापाऱ्याचे भांडवलही याच न्यायाने देण्यांत येते, कारण हिशेबात पेढी निराळी व मालक निराळा.

हे न जाणणारा सभासद एक तर व्यर्थ संशय घेतो, नाही तर न वाचताच मान डोलावितो. संस्थेस दोन्ही सारखेच घातक. म्हणून बँकांत व पेढ्यांवर काम करणाऱ्या बंधुभगिनींस माझी विनंती आहे की, त्यांनी रविवारी तासभर मुलांसह बसावे, घरचे पासबुक व मंडळाचा ताळेबंद पुढे ठेवावा आणि एकेका शब्दाचा अर्थ उकलून दाखवावा. शब्दांचे भय गेले की विषय आपोआप सोपा होईल.