उतारा का घसरला?



बक्षिसं मिळालेल्या विद्यार्थ्यांचं अभिनंदन. तुमच्यापैकी पुष्कळ जण काही वर्षांत कामाला लागाल. कोणी हुमनाबादच्या कारखान्यांत, कोणी हैदराबाद-पुण्याला, कोणी घरच्या शेतात. तिथे काही बिघडलं की पहिला प्रश्न कानावर पडेल, "चूक कोणाची?" या प्रश्नापायी चांगली माणसं नोकरीला मुकलेली मी पाहिली आहेत, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

मी महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात नोकरी केली. एका हंगामात साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरला. केमिस्टला बोलावून खडसावलं गेलं, मग केमिस्टच बदलला. उतारा होता तिथेच राहिला, कारण दुखणं प्रयोगशाळेत नव्हतंच. तोडल्या क्षणापासून उसातली साखर मोडायला लागते, वजनही घटतं. म्हणून शक्यतो चोवीस तासांत तो गव्हाणीत पडावा लागतो. आमच्या यार्डात मात्र गाड्या दोन-दोन, तीन-तीन दिवस उभ्या असायच्या. का? तोडीच्या चिठ्ठ्या गाळपाच्या ताकदीपेक्षा जास्त सुटत होत्या. त्या का सुटत होत्या? मिल वरचेवर बंद पडायची. बंद पडली की शेतकरी धास्तावायचा, आपला ऊस फडातच वाळेल म्हणून शेतकी खात्यात खेटे घालायचा, आणि खातं दबावाखाली चिठ्ठी द्यायचं. बरं, मिल का बंद पडायची? आदल्या हंगामात उतारा कमी, म्हणून पैसा कमी, म्हणून पावसाळ्यातली दुरुस्ती अर्धवट उरकलेली.

म्हणजे फिरून आपण उताऱ्यापाशीच आलो. यात आळशी किंवा लबाड असा एकही माणूस नव्हता. शेतकरी, चिठ्ठी देणारा, फिटर, केमिस्ट, प्रत्येक जण आपल्या जागेवरून शहाणपणाचंच करत होता, आणि सगळ्यांचं मिळून नुकसान होत होतं.

पुढे चिठ्ठ्या रोजच्या गाळपाशी बांधल्या आणि हात आखडता न घेता दुरुस्ती पुरी केली. उतारा सुधारला, पण लगेच नाही. एक अख्खा हंगाम वाट पाहावी लागली. ही वाट पाहणं फार अवघड असतं. दोन महिन्यांत फळ दिसलं नाही की लोक चांगला उपाय सोडून देतात आणि पुन्हा माणूस बदलायच्या मागे लागतात.

एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ 1950 साली जपानी कारखानदारांना शिकवायला गेले होते. बहुतेक दोष कामगाराचे नसून व्यवस्थेचे असतात, आणि ती बदलणं व्यवस्थापनाचं काम आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. मग जबाबदारी कोणाचीच नाही का, असं कोणी विचारेल. माझ्या मते याने जबाबदारी वाढते. एकाला काढून टाकणं सोपं आहे; चार खात्यांना एकत्र बसवून चिठ्ठीपासून गव्हाणीपर्यंतचा रस्ता तपासणं कष्टाचं आहे.

अशी व्यवस्था बघायला जपानला जायची गरज नाही. बीदरजवळ नौबादला बहमनी काळातली, पंधराव्या शतकातली कारेझ आहे. कन्नडमध्ये तिला सुरंग बावी म्हणतात. जमिनीखाली लांबच लांब बोगदा आणि त्यावर अंतराअंतरावर उभ्या विहिरी. वरचा लाल जांभा दगड पावसाचं पाणी मुरवतो, खालचा काळा बेसाल्ट ते धरून ठेवतो, आणि बोगद्याच्या हलक्या उतारावरून ते पाणी उपसल्याशिवाय वाहत जातं. तिथली एक विहीर सुटी बघितली तर ती पडकी, बिनकामाची वाटेल. शहर वाढलं तेव्हा तशा काही विहिरी बुजल्याही, वर रस्ते आणि बांधकामं आली. खड्डा बुजवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त त्याचा प्लॉट होता. त्या विहिरीतून बोगद्याचा गाळ वर काढायचा असतो. ती गेली की गाळ आत साचतो आणि पाणी दूर, भलत्याच ठिकाणी अडतं. जिथे पाणी आटलं तिथल्या माणसाने कितीही खणलं तरी त्याला कारण सापडणार नाही.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. यंदाची सहल नौबादला न्या. मुलांना एकेका विहिरीच्या काठाशी सांभाळून उभं करा आणि विचारा, ही बुजवली तर कुठे काय होईल? परत आल्यावर शाळेचाच एक प्रश्न त्यांच्या हाती द्या: तुरीच्या राशीच्या दिवसांत वर्गातली हजेरी का घटते? गैरहजर मुलाला उभं करू नका. घरी कोण कामाला जातं, धाकट्याला कोण सांभाळतं, बस किती वाजता येते, बुडालेला धडा पुन्हा कोण शिकवतं, हे सगळं मुलांना विचारून येऊ द्या, एका मोठ्या कागदावर बाणांनी जोडू द्या. आणि तो कागद पुढच्या पालकसभेत भिंतीवर लावा.