नेम धरण्यापूर्वी

मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बंदुकीचा नेम आणि दुसरा रोज पाळायचा नेम. शिकाऱ्याच्या बाबतीत पहिला नेम दुसऱ्यावर अवलंबून असतो. त्याविषयी आज थोडे बोलू.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला, ते योग्यच झाले. काही देशांत मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात शिकार चालते. नॉर्वेत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला जाणाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी ३० गोळ्यांचा सराव करायचा, मग १०० मीटरवर ५ गोळ्या झाडायच्या. पाचही ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात हव्यात.

तुम्ही म्हणाल, माणूस तोच, रायफल तीच, मग दरवर्षी परीक्षा कशाला? पण रायफल तीच राहत नाही. दुर्बिणीचे स्क्रू सैल होतात. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो. प्रवासात गाडीचा एखादा धक्का दुर्बिणीला केसभर हलवतो. १०० मीटरवरची ५ सेंटिमीटरची चूक २०० मीटरवर १० सेंटिमीटरची होते.

म्हणून जाणता शिकारी निघण्यापूर्वी तपासणी करतो. निशाणामागे मातीचा भक्कम बांध आहे ना, हे आधी पाहतो. स्क्रू आवळतो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवतो, पण नळी टेकवत नाही. जंगलात वापरायची तीच काडतुसे घेतो, कारण काडतूस बदलले की गोळीचा मार्ग बदलतो. मग सावकाश, नळी निवू देत तीन गोळ्या झाडतो. पहिल्याच गोळीवर दुर्बीण फिरवायची घाई करत नाही.

तीन भोके जवळजवळ, पण केंद्रापासून दूर पडली, तर दुर्बिणीत फरक आहे. तिचे बटण खाचेखाचेने फिरवायचे. अनेक दुर्बिणींत एका खाचेने १०० मीटरवर साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडतो. भोके विखुरलेली असतील, तर बटण फिरवून उपयोग नाही. दोष स्क्रूत, काडतुसात किंवा चाप ओढणाऱ्या बोटात शोधायचा. दुरुस्ती झाली की पुन्हा तीन गोळ्या. शिवाय थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी कुठे लागते, तेही पाहून ठेवायचे. जंगलात तीच कामी येते. मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा एकदा तपासायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? चंपावतच्या वाघिणीची हकिगत ऐका. १९०७ साली जिम कॉर्बेटने कुमाऊँत तिला मारले. तोवर तिने ४३६ माणसांचा बळी घेतला होता, असे त्याने नोंदवले आहे. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. ते जुन्या गोळीने तुटले, त्यामुळे तिला नेहमीचे भक्ष्य मारता येईना आणि ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. कुणाच्या तरी एका अर्धवट गोळीची किंमत सरपणाला गेलेल्या बायकामुलींनी मोजली.

साफ चुकलेली गोळी मातीत जाते आणि जनावर पळून वाचते. थोडीशी चुकलेली गोळी मात्र त्याच्या अंगात राहते. ते झुडपात शिरते आणि दिवसेंदिवस तडफडते. कागदावर चुकण्याची मुभा आहे, तिथे तीन-चार काडतुसे जास्त खर्च झाली तर काय बिघडले? आणि एवढा नेम ज्याच्याने पाळवत नाही, त्याने रायफल घरीच ठेवावी.