काचेतला फोटो



चाळीसएक वर्षांपूर्वी सांगलीत माझा फोटो स्टुडिओ होता. दर्शनी बाजूला काचेचं शोकेस आणि त्यात आम्ही काढलेले, आमच्या मते जमलेले, आठ-दहा फोटो. तेव्हा प्रत्येक स्टुडिओला अशी काच असायचीच. मुंडावळ्या बांधलेला बटू, हार घातलेलं जोडपं, गालाला तीट लावलेलं बाळ. बाजारातून जाणारा माणूस थांबायचा, 'अरे, ही आपल्या अमक्याची पोरगी की,' म्हणायचा आणि पुढं जायचा. आमची जाहिरात ती एवढीच.

एक शाळामास्तर आपल्या मुलीला घेऊन आले. स्थळांना पाठवायला फोटो हवे होते, एक उभा आणि एक अर्धा. मुलगी काठापदराच्या साडीत, हात लाकडी स्टँडवर, स्टँडवर प्लॅस्टिकची फुलं. उभा फोटो चारचौघींसारखा आला. अर्धा मात्र असा उतरला की काय सांगू! डावीकडचा दिवा जरा खाली सरकला होता, तो सरळ करायला मी विसरलो. त्या विसरण्यातून तिच्या गालावर जी सावली पडली, ती मला पुढं कितीदा प्रयत्न करून जमली नाही. मास्तरांनी तीन-तीन कॉप्या नेल्या, पैसे दिले, पावती घेतली. मी त्याच निगेटिव्हवरून मोठं एन्लार्जमेंट काढलं आणि काचेत मधोमध लावलं.

पंधरा दिवसांनी मास्तर दुकानात हजर. मुलगी बाहेर सायकल धरून उभी. मास्तरांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "पैसे मी दिले. पोर माझी. काचेत लावायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी म्हटलं, "मास्तर, फोटो मी काढलाय. निगेटिव्ह माझ्याकडं आहे. म्हणजे फोटो माझाच झाला की."

आत स्टुलावर एक वकील ओळखपत्राच्या फोटोसाठी कोट घालून बसले होते. त्यांना मी 'आता हलू नका' सांगून बाहेर आलो होतो. ते हलले. तिथूनच म्हणाले, "फोटो तुमचा नाही हो. मास्तरांचा आहे."

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात फोटोचा कर्ता कोण, तर ज्यानं तो काढला तो. आणि कर्ता हाच त्या फोटोचा पहिला मालक. इथपर्यंत ऐकून मी खूश होतो. पण कलम १७ च्या पोटात एक 'मात्र' आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि दोघांत वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक तो काढायला सांगणारा. पगारी नोकरीत काढला असेल तर नोकरी देणारा. निगेटिव्ह कुणाच्या कपाटात आहे याचा इथं काही संबंध नाही. शेताची राखण करतो म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही, तसंच हे. कूळकायद्याचा भाग वेगळा.

हे आज सांगायचं कारण असं, की मॉडेलिंग करू पाहणारी मुलं-मुली अधूनमधून माझ्याकडं येतात आणि हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारतात. 'काका, चेहरा माझा, मग फोटो माझाच ना?' मी विचारतो, पैसे कोणी दिले? पोर्टफोलिओ करून घ्यायला तू स्वतः फोटोग्राफरला पैसे मोजले असशील, तर हो, वेगळं लिहून दिलेलं नसेल तर फोटो तुझा. साडीच्या दुकानदारानं फोटोग्राफरला पैसे दिले आणि तुलाही दिले, तर फोटो दुकानदाराचा. तुला मिळाले ते साडी नेसून उभं राहण्याचे. आणि कुणीच कुणाला काही दिलं नाही, 'तू उभी राहा, मी काढतो, दोघांच्या कामाला येतील' असं झालं असेल, तर पारडं फोटोग्राफरकडं झुकतं. तिथं वादाला जागा राहते, कारण मोबदला म्हणजे रोख रक्कमच असं कायदा म्हणत नाही.

मुलं हिरमुसतात. चेहऱ्याला काहीच नाही का? आहे, पण तो हक्क निराळा आहे आणि तो मिळायला एका मुलीला आजारी पडावं लागलं.

ही गोष्ट अमेरिकेतली, न्यूयॉर्क राज्यातली. मुलीचं नाव ॲबिगेल रॉबर्सन, वय अजून कायद्यानं अज्ञानच. पिठाच्या एका गिरणीनं तिचा फोटो तिला न विचारता आपल्या जाहिरातीवर छापला. थोड्याथोडक्या नाही, २५,००० प्रती. त्या दुकानांत लागल्या, गोदामांत लागल्या, दारूच्या गुत्त्यांतही लागल्या. चित्र वाईट नव्हतं. चांगलंच होतं म्हणून तर घेतलं. पण ओळखीचे लोक बोलायला लागले आणि पोरीनं अंथरूण धरलं. खटला झाला. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की आपला चेहरा कुणी वापरू नये असा हक्क कायद्यात कुठं लिहिलेला नाही. लोक इतके खवळले, की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, तिथल्या विधिमंडळानं कायदा केला. जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी कुणाचं नाव वा चित्र वापरायचं तर आधी त्याची लेखी परवानगी हवी.

पुढचा भाग मला फार आवडतो. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑल्टन पार्कर १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. फोटोग्राफर त्यांच्या घराभोवती घिरट्या घालू लागले, तेव्हा साहेबांनी तक्रार केली, की मला आणि माझ्या घरच्यांना जरा निवांतपणा द्या. त्यावर ॲबिगेलनं वर्तमानपत्रातून त्यांना जाहीर पत्र लिहिलं. निवांत राहायचा असा हक्क कुणालाच नाही, हे आपणच मला सांगितलंत, याची आठवण करून दिली. पार्कर निवडणूक हरले. त्याला कारणं बरीच होती, पण मी मनातल्या मनात एक याही पत्राचं धरतो.

आपल्याकडं असा वेगळा कायदा झालेला नाही. कोर्टांनी निकालांतून वाट काढली आहे. टायटन कंपनीच्या तनिष्क दागिन्यांसाठी अमिताभ आणि जया बच्चन यांची जाहिरात होती. मुझफ्फरनगरच्या एका सराफानं तीच जाहिरात उचलून आपल्या होर्डिंगवर चढवली. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या गेल्या. जाहिरातीचा कॉपीराइट टायटन कंपनीचा, तो एक. आणि बच्चन पतिपत्नींचा आपल्या चेहऱ्यावरचा हक्क, जो त्यांनी करारानं कंपनीला वापरायला दिला होता, तो दुसरा. सराफानं दोन्ही मोडले. एका फोटोत दोन मालमत्ता असतात, हे मला इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या खटल्यात दिसलं नाही. अर्थात बच्चन हे बच्चन. त्यांच्या चेहऱ्याला बाजारभाव आहे. मास्तरांच्या मुलीचं काय? तिच्या बाजूला खाजगीपणाचा हक्क आहे, जो २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं मूलभूत हक्क ठरवला. तो नावारूपाला आलेल्यांपुरता नाही.

म्हणून मी मुलांना सांगतो, सही करताना तीन गोष्टी बघा: कशासाठी, कुठं आणि किती वर्षं. कॅलिफोर्नियातल्या एका माणसानं १९८६ मध्ये कॉफीच्या जाहिरातीसाठी दोन तास फोटो काढून घेतले आणि २५० डॉलर घेऊन तो घरी गेला. फोटो वापरला तर आणखी २,००० डॉलर, असं ठरलं होतं. २००२ मध्ये त्याला दुकानातल्या फळीवर कॉफीची बरणी दिसली आणि बरणीवर स्वतःचा चेहरा. कित्येक वर्षं तो लोकांच्या ओट्यावर होता, त्याला पत्ता नाही. ज्यूरीनं दीड कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली, ती वरच्या कोर्टात टिकली नाही. तुम्ही दावा करायला इतका उशीर का केला, यावरच पुढं घोळ चालला.

आणि आपल्या कायद्यातली एक गोष्ट तर फोटोग्राफरांनाही माहीत नसते. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. 'कायमचं दिलं होतं की' असं नंतर तोंडानं म्हणून भागत नाही.

मास्तरांकडं परत जातो. मी काच उघडली, फोटो काढला, त्यांच्या हातात दिला. निगेटिव्हचं पाकीटही पुढं केलं. त्यांनी फोटो घेतला, पाकीट परत सरकवलं. म्हणाले, "ते राहू दे तुमच्याकडं. पुढं कॉप्या लागतील." वडिलांच्या हातातला फोटो मुलीनं सायकलच्या कॅरिअरला लावताना जरा वेळ न्याहाळला. तिला काय वाटलं, हे मीही विचारलं नाही, मास्तरांनीही नाही आणि वकिलांनीही नाही.

काचेत मधोमध भोक पडल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिथं माझ्या मुलाचा जावळाच्या वेळचा फोटो लावला. विचारायचा प्रश्नच नव्हता, तो दीड वर्षांचा होता. आता त्यानं चाळिशी ओलांडली आहे. हे भाषण लिहिताना त्याला वाचून दाखवलं, तर म्हणतो, "बाबा, दहा वर्षं मी त्या काचेत उघडाबंब होतो. शाळेतली पोरं चिडवायची. कुणाच्या परवानगीनं?"

मी म्हटलं, "तू अज्ञान होतास. पालक म्हणून परवानगी माझीच."

तो म्हणाला, "लेखी आहे का?"