अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आणि आपली जमीन

(तालुका शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मला रस्त्यावर बोलायला सांगितलंय. जंगलावर बोलणं झालं, सावकारावर झालं, रोजगार हमीवर झालं. आता रस्त्यावर काय बोलायचं, असं काही जणांना वाटत असेल. पण आज इथं आपण सगळे त्याच रस्त्यानं आलो. कुणी एसटीनं, कुणी ट्रकच्या हौद्यात, बाकीचे कडेकडेनं पायी. आणि संघटनेकडे जमिनीचे जे अर्ज येतात ते नीट वाचा. त्यात कितीदा लिहिलेलं असतं, "सदर जमीन रस्त्यालगत आहे." हे काही उगाच नाही.

आधी रस्ता कुठून कुठं जातो ते बघू. तिकडं गुजरातमध्ये अंकलेश्वर. तिथून नेत्रंग, डेडियापाडा, सागबारा करत तो आपल्याकडे खापर-अक्कलकुव्याला येतो. मग तळोदा, शहादा, शिरपूर. शिरपूरला त्याला मुंबई-आग्रा रस्ता आडवा मिळतो. पुढं अनेर नदी ओलांडली की जळगाव जिल्हा: चोपडा, अडावद, किनगाव, यावल, फैजपूर, सावदा, रावेर, आणि शेवटी मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर. फैजपूर म्हणजे १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं ते गाव. तीन राज्यं, एक रस्ता. मैलाच्या दगडाचं डोकं हिरवं असेल तर राज्यमार्ग. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग. आश्रमशाळेतली पोरं हे विचारतात म्हणून सांगितलं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपल्या भागात रस्त्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. वर जंगल आणि पाडे, खाली काळी जमीन, विहिरी, ऊस, केळी. रस्ता या दोघांच्या मधून जातो. डोंगरातला माणूस मजुरीला उतरतो तो या रस्त्यावर. डोंगरातलं लाकूड, महू, चारोळी, डिंक उतरतं ते या रस्त्यावर. आणि मीठ, कापड, दारूचा गूळ वर जातो तोही इथूनच.

जुन्या काळी बऱ्हाणपूरहून सुरतेला व्यापारी जायचे, तो मोठा मार्ग या भागात तापीच्या दक्षिणेकडून होता, नंदुरबार, नवापूर, व्यारा असा. मोगलांचा माल तिकडून गेला. १९०० च्या सुमारास सुरतेहून तापी खोऱ्यातली आगगाडी आली तीही दक्षिणेकडूनच, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी. आपल्या अक्कलकुवा, तळोदा, शहादा या तालुक्यांत रुळाचा एक तुकडाही नाही. म्हणून या बाजूचा सगळा व्यवहार या एकाच रस्त्यावर पडला.

पण त्याआधी इथं वाटा नव्हत्या काय? होत्या. आपले लोक याहा मोगीच्या जत्रेला देवमोगऱ्याला जातात, नव्या टोपलीत धान्य घेऊन. सागबाऱ्याजवळ आहे ते. आजोबा-पणजोबा जात होते तेव्हा ना डांबर होतं, ना राज्याची हद्द. १ मे १९६० ला आपला एक भाऊ गुजरातमध्ये गेला आणि एक महाराष्ट्रात राहिला. जत्रा तीच आहे.

इंग्रजांनी १८१८ ला खानदेश घेतला. भिल्ल त्यांना आटपेनात, तेव्हा १८२५ ला त्यांनी भिल्लांचीच पलटण उभी केली, भिल्लांना धरायला. रस्त्याची राखण पण भिल्लांनाच दिली. सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याच्या राखणीवर खाज्या नाईक होता. १८५७ ला तोच उठला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली आणि धरलेल्या भिल्लांना तिथंच गोळ्या घातल्या. शिरपूरच्या नाक्यावर जो रस्ता आपल्या रस्त्याला आडवा मिळतो, तो हाच आग्रा रस्ता. तिथं चहा पिताना हे आठवत जा.

मग जंगल राखीव झालं. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये तळोद्याचं नाव आहे ते लाकडाच्या बाजाराबद्दल आणि चांगल्या बैलगाड्यांबद्दल. ज्याच्या कुऱ्हाडीनं लाकूड पडलं त्याला एक मोळी आणली तरी दंड, आणि ठेकेदाराच्या गाड्या भरून खाली. यावर आपण बऱ्याचदा बोललो आहोत, पुढं जातो.

१९४३ ला नागपूरला इंजिनिअर लोकांनी बसून साऱ्या देशाच्या रस्त्यांची प्रतवारी लावली. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण. सरकारच्या हिशेबात अजून तीच चालते. त्या यादीत पायवाट नाही. म्हणून देवगोई घाटाच्या वरच्या कितीतरी पाड्यांतून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून आणावं लागतं. आपल्याला रस्ता नको, असं कुणी आपल्या तोंडी घालत असेल तर त्याला ही झोळी दाखवा.

आणि रस्ते बांधले कुणी? १९७२ च्या दुष्काळात खडी कुणी फोडली, हे इथं बसलेल्या बायांना विचारा. अंगावरचं पोर दगडाच्या सावलीला ठेवून दिवसभर हातोडा. संध्याकाळी मुकादम ब्रास मोजायचा आणि मोजताना मापात काटायचा. पुढं रोजगार हमीचा कायदा आला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, तो चांगलाच झाला. पण फाटे कुठं काढले? मोठ्या शेतकऱ्याच्या मळ्यापर्यंत. ऊस निघाला पाहिजे ना!

आता मुद्द्यावर येतो. डांबरी रस्ता झाला की कडेच्या जमिनीला भाव येतो. ज्या शेतात ज्वारी बरी यायची नाही, तिथं वखार होते, वीटभट्टी होते, पंप होतो. हे आधी कुणाला कळतं? तालुक्याला ज्याची ऊठबस आहे त्याला. मग घरात लग्न असेल, दुखणं असेल, तेव्हा दोन पोती ज्वारी आणि थोडे पैसे येतात. कागदावर अंगठा होतो. बाप आपल्याच शेतावर सालदार होतो. १९७१ ला पाटीलवाडीचा गोळीबार झाला, १९७२ ला अंबरसिंग महाराजांनी शहाद्याला भूमुक्ती मेळावा घेतला, श्रमिक संघटना उभी राहिली, ते सगळं यातूनच. लोक उठले म्हणून सरकारला कायदा करावा लागला. आदिवासींची जमीन परत देण्याचा १९७४ चा कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन त्यात परत मागता येते, ती आपण स्वतः कसू या अटीवर.

त्याच कायद्यात रस्त्याकडेवाल्यांसाठी एक खोच आहे. ६ जुलै १९७४ च्या आधीच जमिनीचा बिनशेती वापर सुरू झाला असेल तर ती परत मिळत नाही. म्हणून समोरचा म्हणतो, "माझी वखार फार जुनी आहे." त्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. पीकपाहणीत त्या वर्षी काय लिहिलंय ते बघायचं. कापूस लिहिलेला असेल तर वखार नव्हती!

आमच्या शिवारात मोजणीवाले येऊन खुंट्या मारून गेले. रस्ता रुंद होणार म्हणतात. होऊ दे. पण भूसंपादनाचा मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला जातो. आपला जमीन परतीचा अर्ज पडून राहिला आणि निवाडा आधी झाला, तर आपल्या जमिनीचे पैसे तोच उचलणार. म्हणजे एकाच जमिनीला दोनदा लुबाडणं. तेव्हा अर्ज केलाय त्यांनी तारखेला जायचं, आणि खुंट्यांच्या आतला गट असेल तर भूसंपादनाच्या हाफिसातही लेखी हरकत द्यायची, की या जमिनीबद्दल आमचा अर्ज चालू आहे. पोच घ्यायची. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा.

ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे त्यांना वेगळं सांगायचंय. २०१३ पर्यंतच्या जुन्या भूसंपादन कायद्यात कलम ४ ची नोटीस निघाली की हरकतीला ३० दिवस असायचे. पैसे कमी वाटले तरी गरजेपायी उचलावे लागतात, ते समजतं. पण सही करताना "तक्रार राखून रक्कम घेतली" असं लिहा, अंगठा असेल तर लिहून घ्या. तसं नाही लिहिलं तर वाढीव मागायचा हक्क जातो. कारकून म्हणेल, जागा नाही लिहायला. कागदाला मागची बाजू असते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं-चौघं कागद बघायला बसणार आहोत. नुसता सातबारा आणू नका. त्यावर गोलात आकडे असतात ते फेरफाराचे नंबर, तेवढ्या सगळ्यांचे उतारे तलाठ्याकडून काढून आणा, आणि १९७३-७४ ची पीकपाहणी. म्हातारी माणसं असतील त्यांना बरोबर आणा. शेत कुठल्या साली गेलं ते त्यांना दुष्काळावरून आणि लग्नावरून बरोबर सांगता येतं.